परदेशी गेलेली खाज

तारीख सोळा जानेवारी, शुक्रवार. सकाळी धुकं, मग कोरडं ऊन, वारा नाही. संक्रांतीचे पतंग अजून अंबरपेठेतल्या तारांवर उलटे लटकलेले. आणि तुम्हाला सांगतो, आज सकाळी औषध आलं. आज! कधी हवं होतं आणि कधी आलं... दिल्लीची परवानगी, डॉक्टरीणबाईंचं पत्र, परदेशातून निघालेला खोका, खोक्यावर माझं नाव, भगवंतराव, रुग्ण, स्वतःच्या वापरापुरतं, सगळं कसं कायद्यानं आणि शिस्तीत, आणि मी तो खोका हातात धरून दारात उभा, आणि अंगावर एक चट्टा नाही. ज्याला गरज होती ते आमच्या हॉलमध्ये उभं होतं, आणि त्याला तोंडच नाही. आता त्याला गोळी भरवायची कशी?

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल याला खाजेबरोबर दुसरंही काही झालंय. पहिल्यापासून सांगतो.

मला अंगावर पित्त उठायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळ्यांनाच उठतं, आमसुलाचं पाणी लावायचं, घोंगडी पांघरून बसायचं, तासाभरात बसतं. तुमचं बसतं हो. माझं काही वर्षं बसलंच नाही. रोज, दिवे लावायच्या वेळेला, सुटी नाही, रविवार नाही. आधी उजव्या कोपराच्या आत एक ठिपका, डास चावल्यासारखा, साधा, सभ्य. मग कमरेला, पट्ट्याच्या रेषेवर, लालभडक फुगे, ओळीनं. मग गुडघ्यांच्या मागे. आणि सगळ्यात शेवटी डाव्या कानाची पाळी अशी गरम आणि जाड व्हायची, की कुणी दुसऱ्याचा कान आणून चिकटवलाय असं वाटावं. मी वहीत रोज लिहून ठेवतो, हवा कशी होती, काय खाल्लं, कुठे उठलं. सवय आहे. लिहून खाज जात नाही, पण निदान आपण तिच्याशी सभ्यपणे वागलो असं वाटतं.

आणि माझं काम कुठलं? सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात, पुढच्या गादीवर. संध्याकाळची गर्दीची वेळ, समोर बायका बसलेल्या, मी साडी खांद्यावर टाकून दाखवतोय, आणि पदराखाली माझं कोपर पेटलंय. खाजेला काय कळतंय म्हणा, की हे लग्नसराईचे दिवस आहेत? एक बाई माझ्या हाताकडे बघत उठली. "कपड़े में कुछ है क्या जी? मेरेकू नक्को." सोबतच्या दोघी पण उठल्या. दुसऱ्या दिवशी सेठनं मोठ्या प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, ठेवला आणि लगेच काढला, आणि म्हणाला, "भगवंतराव, आप थोड़े दिन पीछे गोदाम देखो." थोडे दिवस म्हणजे काय, तर मी पुढच्या गादीचा रंग विसरलो.

घरी वेगळीच तऱ्हा. आमची आई, तारामती, ती आमसुलाचं पाणी घेऊन तयार. एप्रिल महिना, हैदराबादचा, आणि मी घोंगडीत. बायको, भामा, ती म्हणायची, "अहो, निदान पंखा तरी लावू का?" तर आई म्हणायची, "पंख्यानं आत जातं ते." म्हणजे आत घामानं मरा, नाहीतर बाहेर खाजेनं. आणि भिंतीपलीकडचे प्रतापराव. आमची आणि त्यांची हॉलची भिंत एकच. ते रोज येऊन खुर्चीत बसायचे, आमचा चहा प्यायचे आणि सांगायचे, "भगवंतराव, हे सगळं मनाचं असतं. मला बघा, कधी काही होतं का? मन घट्ट करा." मन घट्ट करायचं, आणि कान? कानाचं काय करू, प्रतापराव?

ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, दुप्पट झाल्या, चौपट झाल्या, मी गोदामात गठ्ठ्यांवर झोपायला लागलो, खाज मात्र जागीच. इंजेक्शनं झाली. मग ऑक्टोबरात चिक्कडपल्लीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भगवंतराव गारू, अमेरिकेत नवी गोळी मंजूर झाली आहे. दिवसातून दोनदा. इथे अजून मिळत नाही. पण एका रुग्णाला स्वतःपुरतं मागवता येतं, दिल्लीची परवानगी लागते. मी पत्र देते. थोडं थांबावं लागेल." मी पत्र घेतलं, कागद पाठवले, आणि थांबलो. मला थांबता येतं. खाजेला काय कळतंय म्हणा, की कागद दिल्लीत कुठल्या टेबलावर आहे?

पण माझी धाकटी बहीण त्रिवेणी, तिला थांबणं म्हणजे काय ते माहीत नाही. ती आली आणि म्हणाली, "दादा, दिल्लीला काइकू लिहीत बसलास? माझा हर्षा तिकडेच आहे की. त्याला सांग, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या बॅगेत टाकून पाठवेल." आपल्या लोकांचं हे असंच आहे, अमेरिकेतून काय येतं ते विमानानं येत नाही, कुणाच्यातरी बॅगेतून येतं. मी म्हटलं, "अगं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत." तर तिथे फोनवर भाचा, हर्षवर्धन, हसतोय. "मामा, चिल. मीच जाऊन सांगतो मला होतंय म्हणून. मला फक्त सिम्प्टम्स नीट सांगा."

मला पटलं नव्हतं. मी वहीच्या पानांचे फोटो पाठवले, म्हटलं आधी वाच, मग ठरवू. तर तो म्हणाला, "मामा, सॉरी, हे मराठी माझ्याच्यानं वाचवत नाही. त्यात तुमचं हँडरायटिंग. तुम्ही तोंडी सांगा, मी पाठ करतो."

आणि इथेच चुकलं. तुम्हाला सांगतो, वाचता आलं असतं पोराला, तर पुढचं काही घडलंच नसतं.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, तो स्वयंपाकघरात बाह्या वर करून उभा. इकडे दिवेलागण, आम्ही सगळे हॉलमध्ये, मी खाजवतोय आणि शिकवतोय. "उजव्या कोपराच्या आत." त्यानं स्वतःच्या कोपरावर बोट ठेवलं. "इथे, मामा?" "जरा वर." "इथे?" "हां, तिथेच. आता कमरेला." त्यानं शर्ट वर केला. "पट्ट्यावरून असं?" "ओळीनं. घाई नको, एक-एक." आणि मागून पलंगावरून आई, "भगवंता, त्याला सांग भिंतीवर दाखव म्हणावं, अंगावर नको."

तुम्हाला माहीत असेल हे. आपल्यात दुसऱ्याचं दुखणं सांगताना आपल्या अंगावर दाखवत नाहीत. याला इथे लागलं, तिला तिथे गाठ आली, असं सांगताना हात हवेत धरायचा, नाहीतर भिंतीला लावायचा. लहानपणी आम्ही विसरलो की आई हातावर फटका मारायची. पण आता मी सुशिक्षित, भाचा त्याहून सुशिक्षित, आणि मध्ये सात समुद्र. मी म्हटलं, "आई, तो अमेरिकेत आहे." आई म्हणाली, "मग तिकडे काय त्याला अंग नाही?"

मी हसलो. हर्षा पण हसला, आणि हसत-हसत कान धरला. "आणि लास्टला डावा कान, बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर."

फोन ठेवला. आणि सगळं थांबलं.

म्हणजे कोपर थांबलं. अर्धं उठलेलं होतं ते तसंच खाली बसलं, दुधाखालचा गॅस कमी करावा तसं. मी वाट बघितली. कमरेला काही नाही. कानाला हात लावला, माझाच कान. गार. भामा म्हणाली, "आज नाही उठलं?" मी म्हटलं, "येईल." दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी तयार होऊन बसलो, पाहुणे यायचे असावेत तसा, घोंगडी मांडीवर, आमसुलाची वाटी शेजारी. नाही आलं. तिसऱ्या दिवशी नाही. घरात इतकं शांत वाटायला लागलं की मलाच भीती वाटली. इतकी वर्षं रोज संध्याकाळी येणारं कुणी न सांगता यायचं बंद झालं, तर तुम्ही आधी काय विचारता? बरं झालं म्हणता? नाही. तुम्ही विचारता, गेलं कुठे?

दिवाळीच्या पाडव्याला हर्षाचा फोन आला. आवाज लहान झालेला. "मामा, ॲक्टिंग जरा जास्तच झाली वाटतं."

"म्हणजे?"

"उठतंय. कोपर, कंबर, गुडघे, कान. सेम ऑर्डर. रोज सकाळी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये."

मी म्हटलं, मनाचं असेल. बघा, मी म्हटलं. प्रतापरावांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं. तू इतकं पाठ केलंस म्हणून भास होतोय. तर तो आणखी हळू बोलला. "मामा, बाजूला कुणी आहे का? अजून एक जागा आहे. ती तुम्ही सांगितली नव्हती."

आता खरं सांगतो, एक जागा मी सांगितली नव्हती. वहीत पण लिहिली नव्हती. आई आणि बहीण समोर बसलेल्या, माणूस किती सांगणार? बसतो त्या जागी, एकच चट्टा, रुपयाएवढा. मी विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे."

माझ्या हातातून फोन पडला नाही, कारण तो घामानं हाताला चिकटला होता.

आणि पुढे ऐका. नोव्हेंबर लागला, तिकडे थंडीसाठी घड्याळं तासभर मागे घेतात, सगळा देशच्या देश. हर्षा म्हणाला, "मामा, आता तासभर आधी उठतं. ब्रेकफास्टलाच." मी हिशोब केला, पुन्हा केला. त्याचं घड्याळ हललं होतं. खाज हलली नव्हती. ती अंबरपेठेच्या दिवेलागणीलाच उठत होती, तिकडच्या सकाळी, तिकडच्या अंगावर. मी आतापर्यंत म्हणत होतो ना, खाजेला काय कळतंय म्हणा? तिला घड्याळ कळतं, हो. आमचं कळतं.

आता तुम्ही म्हणाल, मग काय केलंत? मामा आहात, परत मागून घेतलंत? आईनं सांगितलंच होतं. "ज्याचं आहे त्यानं आपल्या अंगावर दाखवावं आणि म्हणावं, हे माझं. येतं परत." त्रिवेणी चिक्कडपल्लीहून रिक्षा करून आली, चप्पल न काढता हॉलमध्ये उभी. "दादा, घे ते परत. माझ्या लेकराचं अजून लग्न व्हायचंय." भामा मध्ये पडली. "वन्सं, जरा ऐका. तिकडे औषध मिळतंय ना? तिकडे ते मंजूर आहे. इथे आणायचं म्हणजे दिल्ली, कागद, परवानगी. त्यापेक्षा दुखणंच औषधाकडे गेलंय. हर्षा चार दिवस गोळ्या घेईल, संपेल, दोघंही मोकळे."

तुम्हाला सांगतो, यात मला काही खोट दिसेना. औषध इकडे आणण्यासाठी जग धडपडतं, आम्ही दुखणंच निर्यात केलं. आणि मी झोपत होतो हो. सेठनं मला परत पुढच्या गादीवर बसवलं होतं. गादी हिरवी होती. मी साड्या दाखवत होतो, बायका माझ्या हाताकडे न बघता साडीकडे बघत होत्या. मी त्रिवेणीला म्हटलं, "गोळी सुरू होईपर्यंत थांबू." ती चहा न घेता गेली.

हर्षाला गोळी मिळाली. आता डॉक्टरशी खोटं बोलायची पण गरज नव्हती, शर्ट वर केला की झालं. सकाळी एक, रात्री एक. दोन-तीन दिवसांत त्याचा फोन, आवाज पहिल्यासारखा मोठा. "मामा, गॉन! एकदम क्लीन. काय भारी गोळी आहे." आमच्याकडे दिवेलागण होती. भामा देवापाशी निरांजन लावत होती. मी म्हटलं, "चला, सुटलो," आणि माझ्या उजव्या कोपराच्या आत एक ठिपका उठला, साधा, सभ्य.

मी कुणाला सांगितलं नाही. कमरेला उठलं तेव्हा भामाला दिसलं. आईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "त्याला राहायला जागा लागते रे. औषधानं ते मरत नाही, घर बदलतं."

मग काय करायचं? दिल्लीहून गोळी येईल, मी घेईन, मग ते पुन्हा हर्षाकडे? त्याची चालूच आहे. मग कुणाकडे? भामाकडे? त्रिवेणीकडे? मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि सगळ्यांनी आपापले पदर सारखे केले.

आई म्हणाली, "भिंतीवर दाखव. पहिल्यांदाच सांगितलं होतं."

मी भिंतीसमोर उभा राहिलो. हॉलची ती भिंत, दिवाळीआधी भामानं फिकट पिवळा रंग दिलेली. मोठा माणूस, नाकावर चष्मा, कुणी बघेल म्हणून खिडकी लावून घेतली आणि हर्षाला शिकवलं तसं तिला शिकवलं. इथून सुरू होतं, कोपराच्या उंचीला. जरा वर. मग इथे, ओळीनं, घाई नको. मग गुडघ्याच्या उंचीला. मग कान. आणि ती पाचवी जागा, ती पण दाखवली, आता कशाला लपवायची?

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि मी कोरडा. भामा हॉलमध्ये गेली आणि तिथूनच हाक मारली, "अहो, इकडे या, पण हळू या." रंगाखाली फुगे आले होते. आधी कोपराच्या उंचीला एक. आमच्या डोळ्यांसमोर कमरेच्या रेषेवर दुसरा, तिसरा, ओळीनं. हात लावला तर भिंत गरम. ओल म्हणाल तर ओल नाही, मी रंगवाल्याला बोलावलं, तो ठोकून म्हणाला, "सूखी है साब, एकदम." तासाभरानं फुगे आपोआप बसायचे, आणि जाता-जाता आतून बारीक आवाज यायचा, नखानं चुना खरवडल्यासारखा. रोज. प्रतापराव एकदा चहा पिताना म्हणाले, "तुमच्याकडे उंदीर झालेत का?" मी म्हटलं, "मनाचं असेल."

महिनाभर आम्ही भिंतीची सेवा केली. आई रोज आमसुलाचं पाणी बोळ्यानं तिला लावायची. पाहुणे येणार असले की भामा खिळ्याला घोंगडी अडकवायची आणि सांगायची, कलाकुसरीची आहे, सोलापूरची. खाजेला काय कळतंय म्हणा, की संक्रांतीला तिळगूळ घ्यायला बायका येणार आहेत? घोंगडी वर-खाली व्हायला लागली. सगळ्या बायकांनी उभ्याउभ्याच तिळगूळ घेतला.

आणि आज सकाळी औषध आलं. मी खोका घेऊन उभा. भामा म्हणाली, "इकडे द्या." तिनं एक गोळी खलबत्त्यात कुटली, उरलेल्या पिवळ्या रंगात कालवली आणि ब्रशनं भिंतीला लावली, कोपर, कंबर, गुडघे, कान. मी म्हटलं, "अगं, दिवसातून दोनदा आहे." ती म्हणाली, "दुसरी रात्री लावते." आई पलंगावरून बघत होती. ती म्हणाली, "त्या भिंतीला पलीकडची बाजू पण आहे, भगवंता." आम्ही लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी दिवे लावले. भिंत गुळगुळीत, गार. माझ्या अंगावर काही नाही. हर्षवर्धनला फोन केला, त्याच्या अंगावर काही नाही. मग दार वाजलं. दारात प्रतापराव, उजवं कोपर खाजवत. त्यांनी विचारलं, घरात आमसूल आहे का?

मी आमसूल दिलं. घोंगडी पण दिली.